ख्रिस्ती घरातली आजी : तुमच्या आठवणी सांगा

आमची आजी गेल्या महिन्यात प्रभूघरी गेली. ९६ वर्षांची होती. सांत्वनाला आलेला प्रत्येक जण "फार प्रेमळ होत्या, प्रार्थनाशील होत्या" असं सांगून गेला. खोटं नाही, पण हे कुणाच्याही आजीबद्दल म्हणता येतं. आमची आजी भांडकुदळही होती. चहात साखर मोजून घालायची. उपासनेला उशिरा येणाऱ्यांकडे मान वळवून अशी बघायची की ती मंडळी पुढच्या रविवारी घंटेच्या आधी हजर.

मराठी ख्रिस्ती समाजाबद्दल लिहिलं जातं तेव्हा मिशनरी येतात, धर्मांतर येतं, नारायण वामन आणि लक्ष्मीबाई टिळक हे दांपत्य येतं, पंडिता रमाबाई येतात आणि गोष्ट तिथेच थांबते. त्यानंतरची शंभर वर्षं ज्यांनी घरं चालवली, बोर्डिंगची फी भरली, रविवारी पोरांना तेल चोपडून देवळात नेऊन बसवलं, त्या बायकांबद्दल फारसं कुठे सापडत नाही. म्हणून हा अनुभव धागा.

अट एकच. "प्रेमळ होती" नको. काय करायची, काय म्हणायची, कशावरून चिडायची ते सांगा. प्रोटेस्टंट, कॅथलिक, नगरकर, वसईकर, मिरजकर, मुंबईचे ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक), सगळे या. आजी ख्रिस्ती आणि तुम्ही नाही, असं असलं तरी चालेल. नावं नकोत. आजी म्हटलं की पुरे.

सुरुवात मीच करते.

आजीचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू ते बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवायचे. आजीच्या नावापुढे तारीख, आणि खाली बारीक अक्षरात "पहाटे, बाजारचा दिवस". तिच्या पाठच्या भावाच्या ओळीत दोन तारखा आहेत, दोन्हींत आठ महिन्यांचं अंतर. त्यावर एक शब्दही नाही.

आजोबांच्या पश्चात आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. ८० पूर्ण झाल्यावर त्यात वाढ होते, त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा लागला. आजी पिशवीत बायबल घालून थेट कार्यालयात. कारकुनाने पान बघितलं आणि म्हणाला, आजी, हे चालत नाही. आजी म्हणाली, "देवाच्या पुस्तकात नोंद आहे आणि तुमच्या रजिस्टराला कमी पडतीय?" शेवटी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बाप्तिस्मा नोंदवहीतला उतारा काढला, पाळकसाहेबांची सही-शिक्का घेतला, तेव्हा काम झालं. दोन्हीकडची तारीख एकच निघाली, हे तिने कारकुनाला परत जाऊन दाखवलं. गरज नव्हती, पण दाखवलं. फरकाची रक्कम आली त्यातला दशांश आधी बाजूला काढला, मग जाड भिंगाचा नवा चष्मा केला, उरलेल्यात माझ्या धाकट्या भावाच्या सायकलची दुरुस्ती.

आता तुम्ही.

नेवाशाचा नातू

आमच्या आजीला वाचता येत नव्हतं. पण उपासना-संगीत या गीतांच्या पुस्तकातली गाणी तिला नंबरासकट पाठ. पाळक नंबर सांगायचे, लोक पानं चाळायचे, तोवर आजीची पहिली ओळ म्हणून झालेली असायची. पुस्तक मात्र हातात धरायचीच. एकदा कुणी तरी कानाशी सांगितलं, आजी, पुस्तक उलटं आहे. म्हणाली, "गाणं सरळ हाय ना?"

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. खायला मिलो, म्हणजे ती बाहेरून आलेली तांबडी ज्वारी, आणि कामावर सुकडी मिळायची. मिलोची भाकरी कशी लागायची असं विचारलं की तोंड वाकडं करायची आणि वर म्हणायची, "वाकडं कराया तोंड तरी ऱ्हायलं."

खडीच्या ढिगावर बाकीच्या बायका ओव्या म्हणायच्या, आजी भजन धरायची. ना. वा. टिळकांनी भजनं अभंगाच्या वळणावर बांधली, त्यामुळे कुणाला ती परकी वाटत नसत. शेजारणी मागे म्हणायच्या. त्यातल्या एकीने पुढे येशूच्या जागी विठू घालून तेच भजन एकादशीला म्हटलं. हे कळल्यावर आजी चिडेल असं सगळ्यांना वाटलं. ती एवढंच म्हणाली, "चालीत बसतंय."

आता जरा जड गोष्ट. आमचे खापरपणजोबा ख्रिस्ती झाले, पण गावाने पाणवठा काही लगेच एक केला नाही. आजी सून म्हणून आली तेव्हाही वरून ओंजळीत पाणी घालायची पद्धत होती. तिच्या एका चुलत बहिणीचं घर ख्रिस्ती झालेलं नव्हतं. ते १९५६ नंतर बौद्ध झालं. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात ख्रिस्ती बसत नाहीत, बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं. त्यामुळे एकाच आजोळच्या दोन फांद्या, एकीकडे सवलत आणि एकीकडे नाही. माझ्या वडिलांना हे फार लागायचं. आजी मात्र बहिणीशी भांडायची ते वेगळ्याच कारणावरून. बहीण म्हणायची, तुमच्या देवळात अजून खुर्च्या का नाहीत, आमच्या विहारात आल्या. आमच्या घरात भिंतीवर येशूच्या चित्राशेजारी बाबासाहेबांचा फोटो होता. नव्या पाळकांनी एकदा त्याबद्दल विचारलं. आजीने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि सांगितलं, "ह्यानं वरचं पाणी दिलं, त्यानं तळ्याचं."

९१ व्या वर्षी गेली. कबरेवर माती टाकायला ती चुलत बहीण आली होती, दोन नातवंडांनी धरून आणलेली.

वसईकर

आमची आजी नंदाखालची, कुपारी. वसईबाहेरच्या वाचकांसाठी : आम्ही सामवेदी ख्रिस्ती. पोर्तुगीज १७३९ मध्ये गेले, आम्ही वाडीतच राहिलो. आजी मरेपर्यंत लाल चौकटीचं लुगडंच नेसली. नातीच्या लग्नात तिला नवी साडी घेतली होती, ती तिने घडी न मोडता दुसऱ्याच नातीला दिली.

पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन मुंबईला जायची. वाल, दुधी, केळी, पानं, कधी मोगरा. दादरला ठरलेली गिऱ्हाइकं होती. गाडीत माळ जपायची. माळेतली पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच गट, संपेपर्यंत बोरिवली जायची म्हणे, मग गप्पा. गर्दीत कुणी धक्का दिला तर माळ न थांबवता शिवी हासडायची आणि पुढच्या मण्यावर जायची. ही आठवण आमच्या घरात दर नाताळला सांगितली जाते. आजीच्या समोर सांगितली की ती म्हणायची, मारिया आईसुद्धा बाईच होती, तिला कळतं.

लहानपणी तिने मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, लॅटिनमधून ऐकला. अर्थ कुणालाच कळायचा नाही, पाठ मात्र सगळ्यांना. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ अशी झाली आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आला. तेव्हा कसं वाटलं असं मी विचारलं होतं. तिचं उत्तर मला अजून पुरलं नाही : "आधी फादर देवाशी बोलायचे, आम्ही ऐकायचो. मग मला कळायला लागलं की कबूल काय काय करतोय आपण. तेव्हापासून जपून बोलते."

सुकेळ्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ती करणारी घरं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. राजेळी केळीचा घड पिकवायचा, पूर्ण पिकू द्यायचा. साल काढून केळी मांडवावर उन्हात ओळीने घालायची. संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा ऊन. काही दिवसांत ती सोनेरी, मग मधासारख्या रंगाची होतात आणि आत गोडी धरतात. ढग आले की आजीचा जीव वर-खाली. मग केळीच्याच सुकलेल्या सोपात घट्ट बांधायची. बांधताना दोरी दातांत धरायची, शेवटच्या गाठीला दोन्ही हात लागत म्हणून. दात गेल्यावर दोरीचं टोक आमच्या हातात द्यायची आणि आम्ही ढिलं धरलं की ओरडायची.

वसईत इमारती आणि टँकर वाढायला लागले, विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि बाकीच्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. आजी मोर्च्यांना जायची. चपला हातात घेऊन, कारण गर्दीत हरवतात. पुढे २०२० मध्ये दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आजी हयात होती, ऐकू कमी यायचं. तिला मोठ्याने सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. विहिरीचं काय झालं?"

मिरजकर

माझी आजी रक्ताची नव्हे. माझ्या आईला तिने वाढवलं.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं, दक्षिण महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. आजी तिथे नर्सिंग शिकली आणि तिथेच नोकरी केली. आई तान्ही असताना तिची आई वॉर्डातच वारली, घरचं न्यायला कुणी आलं नाही. आजी अविवाहित, पगार बेताचा. तिने आईला घेतलं. यापेक्षा जास्त ती कधी सांगायची नाही. "घेतलं" असाच शब्द, बाजारातून काही घेतल्यासारखा.

तिच्या घरात पलंगावरच्या चादरीची टोकं हॉस्पिटलसारखी दुमडलेली असायची. बसल्यावर सुरकुती पडली की उठल्यावर ओढून नीट करायची, पाहुण्यांच्या देखत. पांढऱ्या साड्यांना भाताच्या पेजेची कांजी. काचेची सिरिंज स्टीलच्या डबीत उकळून ठेवलेली, निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनीसुद्धा. कुणासाठी, तर कुणासाठीच नाही. असू दे म्हणायची.

रस्त्याने जाताना बायका थांबवायच्या, बरोबरच्या दाढीमिशीवाल्याला पुढे ढकलायच्या : "बाई, ह्यो तुमच्या हातचा." आजी त्याच्याकडे आपादमस्तक बघून वजन किती होतं ते सांगायची. बरोबर असायचं की नाही देव जाणे, पण बायका मान डोलवायच्या.

आणखी एक. ती प्रार्थना डोळे उघडे ठेवून करायची. देवळात लहान पोरांना डोळे मिटायला सांगतात ना, मी आजीकडे बोट दाखवून तक्रार केली होती. ती म्हणाली, रात्रपाळीला तीस पेशंट असायचे, डोळे कुणी मिटायचे?

९३ वर्षांची झाली. शेवटच्या आजारात नर्सने सलाइन लावताना शीर शोधत बसावं लागलं, तर हिने स्वतः मनगटावर बोट ठेवून जागा दाखवली.

केडगावची नात

आजी वय सांगायची ते असं : "रमाबाई गेल्या त्या साली मी झाले." म्हणजे १९२२.

तिची आई, माझी पणजी, मुक्ति मिशन या केडगावच्या आश्रमातली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्यातली एक. सहा-सात वर्षांची असेल. गाव आठवत नव्हतं, आडनाव आठवत नव्हतं. एक नदी आणि तिच्या काठावरचं पिंपळाचं झाड एवढंच आठवायचं, आणि असं झाड तर प्रत्येक गावाला असतं. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलं आणि त्याची छपाई आश्रमातच झाली, खिळे जुळवायला मुलीच. पणजी त्या छापखान्यात होती. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे तिला उलटं वाचायची सवय लागली ती कायमची. समोरचा माणूस वर्तमानपत्र वाचत असेल तर पलीकडून ती त्याच्या आधी वाचून मोकळी.

हे सगळं आजीकडून ऐकलेलं. पण मला सांगायचंय ते आजीचं. तिला मामा नव्हता. मावशी नव्हती. आजोळ नव्हतं. आपल्याकडे लग्नात मामा लागतो, बारशाला मामा लागतो, साधं "मामाच्या गावाला जाऊ या" म्हणायलासुद्धा मामा लागतो. आजीने सुट्टीत कुठे जायचं विचारलं की तिची आई तिला पुण्याहून गाडीत बसवून केडगावला न्यायची. दौंडच्या अलीकडचं स्टेशन. तिथे दहा-बारा म्हाताऱ्या "आमची नात आली" म्हणत बाहेर यायच्या. एकीचंही रक्ताचं नातं नाही.

म्हणून असेल, आजी नात्यांच्या बाबतीत फार काटेकोर होती. कोण कुणाचं काय लागतं याची तिच्याकडे वही होती. आमच्या प्रत्येकाच्या सासरची चार पिढ्यांची माणसं त्यात होती. नव्या सुनेला पहिल्याच भेटीत ती बसवून घ्यायची आणि वही उघडायची. काही सुना वैतागायच्या. माझी वहिनी अजून सांगते, नोकरीच्या मुलाखतीला एवढे प्रश्न नव्हते.

दोन आज्यांचा नातू

माझी एक आजी ख्रिस्ती, एक हिंदू. आईबाबांच्या लग्नाला दोन्ही घरांतून विरोध होता, तो मी झाल्यावर मावळला, असं नेहमीचंच. दोघी आज्यांची मैत्री मात्र झाली नाही. स्पर्धा झाली.

दिवाळीला इकडून फराळाचं ताट जायचं, नाताळला तिकडून यायचं. दोन्हीकडे करंज्या, दोन्हीकडे चकल्या, दोन्हीकडे शंकरपाळे. नाताळच्या ताटात केक जास्तीचा. हिंदू आजी केकमध्ये अंडं म्हणून खायची नाही, पण किती फुगलाय ते दाबून बघायची. ख्रिस्ती आजी अनारशाला जाळी पडली की नाही ते उजेडाकडे धरून तपासायची. मी मध्ये. कुणाची चकली चांगली या प्रश्नाला मी लहानपणीच राजकारण्यासारखं उत्तर द्यायला शिकलो.

ख्रिस्ती आजी ८८ व्या वर्षी गेली. त्या वर्षी नाताळला हिंदू आजीने केक करायला घेतला. अंड्याचा. भयंकर झाला होता.

नाव नको

इथे सगळ्यांच्या आज्या गोड आहेत, भांडल्या तरी गोड. माझी नव्हती. लिहू का नको असा विचार करत होते, पण "प्रेमळ होती नको" असं वर लिहिलंय म्हणून लिहिते.

सिनेमा पाप, कुंकवाची टिकली पाप, पत्ते पाप. रविवारी विणकामसुद्धा नाही. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत ती देवाला आमचे गुन्हे नावानिशी सांगायची, आम्ही सगळे गुडघे टेकून ऐकत. देवाला आधीच माहीत असेल असं माझ्या भावाने एकदा म्हटलं, त्याला जेवण मिळालं नाही.

माझं लग्न कॅथलिक मुलाशी झालं. ख्रिस्तीच आहे ना मुलगा, असं बाहेरच्यांना वाटतं. आजीला ते अन्यधर्मात लग्न केल्यापेक्षा वाईट वाटलं. मूर्ती, माळ, मेणबत्त्या. ती लग्नाला आली नाही. माझ्या मुलांना तिने बघितलं ते एका अंत्यविधीला, लांबून. तेव्हा ती ८४ वर्षांची होती, पुढे आणखी दहा वर्षं जगली. मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

तिला नवऱ्याने लवकर सोडलं, चार मुलं तिने मिशन कंपाउंडात लोकांचे कपडे शिवून वाढवली, लोक काय बोलतील याच्या धाकात आयुष्य काढलं, हे सगळं मला कळतं. तरी राग आहे.

नगरकर नात

नाव नको, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. अशा आज्या खूप घरांत होत्या. आमच्या आजीच्या सख्ख्या जावेनेही टिकलीवरून सुनेशी सहा महिने अबोला धरला होता. कंपाउंडातली शिस्त हा वेगळाच विषय आहे, त्यावर कुणी लिहिलं तर वाचायला आवडेल.

मरोळकर

मुंबईच्या ईस्ट इंडियन घरातली माझी आजी. एप्रिल-मे आला की गच्चीवर मिरच्या. बाटली मसाला सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो करायचा म्हणजे घरात आठ-दहा दिवस शिंकाच शिंका. सगळे मसाले वेगवेगळे भाजायचे, एकत्र नाही. कांडणाऱ्या बायका यायच्या, लाकडी उखळ, मुसळांचा एकाआड एक ठोका. मग गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरायचा, काठीने दाबून दाबून, म्हणजे वर्षभर रंग टिकतो. आमच्याकडे बियर पिणारा एकटा काका, त्यामुळे मे महिन्याच्या आधी त्याच्यावर आजीची विशेष मर्जी असायची.

प्रमाण तिने कुणाला सांगितलं नाही. सुनांना तर नाहीच. डोळ्यांनी दिसेना झालं तेव्हा वास घेऊन सांगायची, धणे कमी पडलेत. माझ्या मोठ्या काकूने दारामागे उभं राहून वर्षानुवर्षं एकेक जिन्नस टिपला. आजी गेल्यावर तिने तो कागद काढला. आजीच्या मसाल्यात आणि त्यात अजून काही तरी फरक आहे, काय ते कळत नाही. काकू म्हणते, म्हातारी मुद्दाम माझ्या देखत खोटं माप घालायची. शक्य आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशीचं उंबराचं पाणी, बँड, विहिरीवर जाणारी वरात, यात ती ८५ व्या वर्षापर्यंत पुढे नाचायची. बाकी धार्मिक म्हणाल तर रोज सकाळी मिस्सा, पहिल्या रांगेत. फादरचं प्रवचन लांबलं की घड्याळाला किल्ली द्यायची. कर्र कर्र आवाज पूर्ण चर्चभर.

जालनेकर

प्रवचनाचा विषय निघालाच आहे तर आमच्या आजीचं.

तिने स्वतःच्या अंत्यविधीची तयारी ८० व्या वर्षी सुरू केली आणि ९७ व्या वर्षापर्यंत ती चालू होती. पेटीसाठी पैसे एका पावडरच्या डब्यात. लाकडाचे भाव वाढले की डब्यात भर घालायची. मधे एकदा माझ्या बहिणीची फी अडली तेव्हा त्यातले दिले आणि कागदावर लिहून ठेवलं : "पेटीला देणे". बहिणीने पहिल्या पगारात ते परत केले, आजीने मोजून घेतले.

पांढरी साडी ट्रंकेत, कडुलिंबाचा पाला घालून. दर नाताळनंतर ती बाहेर काढायची, ऊन द्यायची, पुन्हा ठेवायची. शेजारच्या काकूंना हे बघवायचं नाही. "अहो, कशाला अभद्र?" आजी म्हणायची, "अभद्र कसलं, कसर लागली तर तुमच्या समोरच जायचंय मला."

गाणी तीन निवडलेली. तेविसावं स्तोत्र कोण वाचणार ते ठरलेलं, कारण बाकीच्यांचे उच्चार तिला पसंत नव्हते. आजोबांच्याच कबरेत ठेवायचं, नवी जागा अडवायची नाही, कबरस्तानात आता पोरांना तरी जागा कुठाय. दोन मुलांनी रडायचं ते घरी रडून यायचं. जेवण साधं, वरण-भात-भाजी, पण लोणचं आपल्या घरचंच. हे सगळं तिने बोलून माझ्याकडून लिहून घेतलं होतं, आणि दरवर्षी दुरुस्त्या. पेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा जणांची यादी चार वेळा बदलावी लागली, कारण यादीतले तिच्या आधी जायचे.

सगळ्यात शेवटचं कलम ठळक : संदेश दहा मिनिटं, जास्त नाही. पाळकसाहेबांना तिने समोर बसवून वाचून दाखवलं होतं. त्यांनी हसून मान्य केलं होतं.

आजी गेली फेब्रुवारीत, रात्री, झोपेत. सगळं कागदाप्रमाणे झालं. साडीला कसर नव्हती, पैसे पुरले, वर चारशे रुपये उरले, ते मंडळीच्या दानपेटीत टाकले. स्तोत्र ठरलेल्या मामीनेच वाचलं. लोणच्याची बरणी कमी पडली, कारण माणसं अपेक्षेपेक्षा दुप्पट आली. त्यात मुसलमान मोहल्ल्यातल्या बायका होत्या, भाजीवाली होती, आजीने ज्याला पाढे शिकवले तो बँकेतला साहेब होता.

आणि पाळकसाहेब पाऊण तास बोलले.